पीडीएफ बदलायची आहे, पण पैसे घालवायचे नाहीत: काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडाटा, भाडेकरार, उद्यमनगरातल्या कारखान्यांची कोटेशनं, विद्यापीठाच्या पोरांचे प्रोजेक्ट, सगळं इथून जातं. दिवसातून चार-पाच जण तरी पेन ड्राइव्ह पुढं करून म्हणतात, "दादा, एवढं एकच अक्षर बदलायचंय." तेच ते पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. बरीचशी कामं तुम्ही घरीच करू शकता. दुकानाचं थोडं नुकसान होईल, होऊ दे.

वर्डमध्ये पटकन बदलता येतं, मग पीडीएफमध्ये का नाही?

गुऱ्हाळावर गेला असाल तर लगेच कळेल. वर्डची फाइल म्हणजे काहिलीतला, त्या मोठ्या कढईतला रस. हलवा, आटवा, वेलदोडा टाका, काहीही करा. पीडीएफ म्हणजे साच्यातून काढलेला गुळाचा रवा. त्याचा कोपरा फोडता येतो, वरून कागद गुंडाळता येतो, पण आत काही मिसळायचं तर पुन्हा वितळवावा लागतो आणि मग चव थोडी बदलतेच.

हे मुद्दामच तसं केलेलं आहे. अ‍ॅडोबी कंपनीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमलॉट' नावाची कल्पना मांडली: कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही प्रिंटरवर कागद हुबेहूब तसाच दिसला पाहिजे. १९९३ मध्ये त्यातून पीडीएफ बाहेर आली. त्यामुळं पीडीएफच्या पोटात 'हा परिच्छेद, हे शीर्षक' अशी नोंद बहुतेक वेळा नसतेच. 'या फाँटमधला हा आकार पानावर डावीकडून इतका, खालून इतका अंतरावर काढ' एवढंच असतं. ओळीत एक शब्द वाढवला तर पुढचे शब्द आपोआप सरकत नाहीत, कारण ते एकमेकांना ओळखतच नाहीत.

म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर घ्यावंच लागणार?

नाही. २००८ मध्ये पीडीएफ आयएसओ ३२००० या नावानं खुलं मानक झालं. तिचे नियम सगळ्यांसमोर असल्यामुळं कुणीही तिच्यासाठी सॉफ्टवेअर लिहू शकतं, आणि लोकांनी भरपूर लिहिलंय. अ‍ॅडोबीचं विकतचं अ‍ॅक्रोबॅट प्रो चांगलंच आहे, पण त्याचं भाडं दर महिन्याला भरायचं असतं. रोज पन्नास पीडीएफ हाताळणाऱ्याला ते परवडतं. वर्षातून दोनदा बायोडाटा बदलणाऱ्यानं त्या वाटेला का जावं?

माझ्या पीडीएफचं काय करता येईल हे आधी कसं कळणार?

फाइल उघडा आणि माऊसनं एक ओळ सिलेक्ट करून बघा. ओळ निळी झाली तर आत खरा मजकूर आहे. अख्खं पान एका चित्रासारखं निळं झालं किंवा काहीच झालं नाही, तर तो स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो आहे. ओळ निळी झाली, पण नोटपॅडमध्ये पेस्ट केल्यावर कचरा आला, तर तिसरा प्रकार. मराठी माणसाच्या वाट्याला हाच जास्त येतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

ही तपासणी न करता लोक थेट 'पीडीएफ टू वर्ड' शोधत बसतात आणि संध्याकाळ घालवतात.

कोटेशनमधली तारीख आणि एक आकडा बदलायचाय. मूळ फाइल नाही.

लिब्रेऑफिस घ्या. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. ना ट्रायल, ना पानावर कंपनीचा शिक्का. त्यातला 'ड्रॉ' हा भाग उघडा आणि त्यातून पीडीएफ उघडा. आकड्यावर डबल क्लिक करा, बदला, आणि फाइल मेनूतून 'एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ' करा. नुसतं सेव्ह केलंत तर ड्रॉची फाइल तयार होते आणि समोरच्याकडं ती उघडत नाही. दर आठवड्याला एक तरी फोन याच कारणानं येतो.

दोन गोष्टी सांभाळा. ड्रॉमध्ये प्रत्येक ओळ वेगळी चौकट होऊन येते. सलग परिच्छेद दुरुस्त करायचा असेल तर त्या सगळ्या ओळी निवडून 'शेप' मेनूतलं 'कन्सॉलिडेट टेक्स्ट' वापरा, ओळी एका चौकटीत येतात. दुसरं म्हणजे फाँट. पीडीएफमध्ये बहुतेक वेळा फाँटमधली वापरलेली अक्षरंच भरलेली असतात, अख्खा फाँट नसतो. तो फाँट तुमच्या मशीनवर नसेल तर दुसराच येतो आणि ओळ लांबते किंवा आखडते. इंग्रजी कोटेशनला हे खपून जातं. मराठीत जोडाक्षरं फुटतात.

अशा वेळी मी जुनीच युक्ती वापरतो: जुन्या मजकुरावर पांढरा चौकोन, त्यावर नवी अक्षरं. छपाईसाठी उत्तम. पण खालचा मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो हे विसरू नका.

आणि नवी अक्षरं कुठल्या फाँटमध्ये टाकताय ते बघा. विंडोजमधल्या मंगल फाँटचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. मूळ पत्रिकेत मराठी 'ल' आणि मधेच एक हिंदी 'ल', म्हणजे धोतराला ठिगळ लावल्यासारखं लांबूनच दिसतं. टिरो देवनागरी मराठी हा फाँट मोफत आहे आणि त्याची वळणं आपली आहेत.

तुमच्याकडं वर्ड २०१३ किंवा त्यानंतरचं असेल तर तेही पीडीएफ थेट उघडतं. साध्या इंग्रजी पत्राला ते ड्रॉपेक्षा सोयीचं, कारण सलग परिच्छेद मिळतो. कोष्टकं आणि मराठी आली की मात्र त्याचीही भंबेरी उडते.

मराठी मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला का येतो?

याचं उत्तर लांब आहे, पण आपल्याकडच्या निम्म्या पीडीएफ इथंच अडतात.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा नंबर देणारी पद्धत, येण्याआधी आपल्या डीटीपीवाल्यांनी श्रीलिपी आणि तसल्या फाँटवर वर्षानुवर्षं काम केलं. आम्हीही केलं. या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच किंवा एखादं चिन्ह असतं, फक्त त्या जागी आकार देवनागरीचा बसवलेला असतो. पडद्यावर 'अ' दिसतो, पण फाइलच्या पोटात भलतंच काहीतरी. कॉपी केलं की मुखवटा गळून पडतो. त्यावर इलाज म्हणजे फाँट कन्व्हर्टर. कुठल्या फाँटमधला मजकूर आहे ते सांगितलं की तो त्याचं युनिकोड करून देतो. फाँटचं नाव अ‍ॅडोबी रीडरमध्ये पीडीएफच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फाँट्स' या खान्यात मिळतं. ते आधी बघा. चुकीचा कन्व्हर्टर लावला तर आधीच्या काल्यावर आणखी एक काला चढतो.

दुसरं दुखणं युनिकोड फाइलींचंही आहे. पीडीएफ आकार साठवते, आणि आपल्या लिपीत दिसण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम वेगळा. 'किंमत' लिहिताना आपण आधी 'क' देतो, मग वेलांटी. पानावर मात्र वेलांटी आधी उमटते. म्हणून कॉपी केल्यावर 'िकंमत' असं येतं. 'ल्ह' सारखं जोडाक्षर काही फाँटमध्ये एकच आकार असतं. हा आकार म्हणजे 'ल् अधिक ह' असं सांगणारा तक्ता फाइलमध्ये नीट भरलेला नसेल, तर 'कोल्हापूर'चं 'कोापूर' होतं. यात तुमची चूक नाही. पीडीएफ ज्यानं बनवली त्याच्या सॉफ्टवेअरनं तक्ता अर्धवट ठेवलेला असतो.

अशा फाइलीशी झटापट करत बसू नका. तिला सरळ स्कॅन समजा आणि पुढच्या उत्तरातली वाट धरा. ऐकायला उलटं वाटेल, पण मजकूर असलेल्या फाइलीचं चित्र करून ते मशीनकडून वाचून घेणं मराठीसाठी बरेचदा जास्त शुद्ध निघतं.

स्कॅन केलेल्या कागदातला मराठी मजकूर टाइप न करता मिळेल का?

मिळेल. याला ओसीआर म्हणतात. सगळ्यात सोपं म्हणजे गूगल ड्राइव्हवर फाइल टाका, राइट क्लिक करून 'ओपन विथ गूगल डॉक्स' करा. वर फोटो, खाली मजकूर असं काहीतरी मिळतं. पानाची मांडणी जाते, अक्षरं राहतात. फाइल २ एमबीपेक्षा मोठी असेल तर पानं तोडून टाका.

कागद बाहेर पाठवायचा नसेल तर टेसरॅक्ट आहे. एचपी कंपनीत जन्मलेलं हे इंजिन २००५ मध्ये खुलं झालं, पुढं गूगलनं पोसलं. त्याला मराठी येतं. नुसतं टेसरॅक्ट काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून चालवावं लागतं, म्हणून नॅप्स२ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते स्कॅनही करतं आणि आतल्या आत टेसरॅक्टही चालवतं. मराठी भाषा एकदा डाउनलोड करावी लागते. स्कॅन ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, ठेवा, कागद सरळ ठेवा.

मग वाचून काढा. 'ख'चं 'रव' होतं, 'घ' आणि 'ध' अदलाबदल होतात, अनुस्वार उडतात. आकडे तर एकेक करून मूळ कागदाशी ताडून बघा.

फॉर्म भरून सही करायचीय. प्रिंट काढून, भरून, परत स्कॅन करू का?

कशाला? दुकानदार म्हणून मला चालेल, पण गरज नाही. फाइल मायक्रोसॉफ्ट एजमध्ये उघडा, 'अ‍ॅड टेक्स्ट'नं लिहा. फायरफॉक्समध्येही २०२२ पासून लिहिण्याची आणि रेघ ओढण्याची सोय आहे. अ‍ॅडोबीचं मोफत रीडरही 'फिल अँड साइन' देतं, आणि सहीचा फोटो लावायला मला तेच बरं वाटतं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं सही करा, उजेडात फोटो घ्या, कडा कापा. मराठीत भरलं असेल तर सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडून जोडाक्षरं बघा.

काही सरकारी फॉर्म ब्राउझरमध्ये उघडले की 'प्लीज वेट' एवढंच इंग्रजीत दिसतं आणि जन्मभर तेच दिसत राहतं. फाइल बिघडलेली नसते. तो एक्सएफए नावाचा जुना प्रकार आहे, बऱ्याच ब्राउझरना झेपत नाही. ती फाइल आधी कॉम्प्युटरवर सेव्ह करा आणि अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा.

दोन पीडीएफ जोडायच्या, मधलं पान काढायचं, उलटं पान सरळ करायचं.

पीडीएफसॅम बेसिक. मोफत, कॉम्प्युटरवरच चालतं. इन्स्टॉल करताना पैसे मागणाऱ्या थोरल्या भावाची जाहिरात येते, तिकडं दुर्लक्ष करा. फक्त काही पानं वेगळी हवीत तर तेही नको: क्रोममध्ये उघडा, कंट्रोल आणि पी दाबा, 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा, पानांचे नंबर लिहा. झालं.

पोर्टल म्हणतंय २ एमबीच्या आत. माझी १८ एमबीची आहे.

मोबाइलवर काढलेले फोटो जोडून पीडीएफ केली असणार. ए-फोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला तर २४८० बाय ३५०८ ठिपके होतात, १५० डीपीआयला त्याच्या चौथ्या हिश्शाएवढे. मार्कलिस्ट वाचायला १५० पुरतं. रंगीत नको असेल तर ग्रे ठेवा.

आहे तीच फाइल बारीक करायला विंडोजवर पीडीएफ२४ क्रिएटर हे जर्मन सॉफ्टवेअर आहे, मोफत आणि इंटरनेटशिवाय चालणारं. कॉम्प्रेसमध्ये डीपीआय १५० करा, क्वालिटी थोडी उतरवा. एकदम तळाला नेऊ नका. शिक्क्यावरचा नंबर वाचता आला नाही तर अर्ज परत येतो, आणि तोवर शेवटची तारीख उलटून गेलेली असते. एक बाई तर फाइल लहान व्हावी म्हणून प्रिंट काढून, झेरॉक्स काढून, ती स्कॅन करून आणत होत्या. फाइल मोठीच झाली.

आधारचा नंबर झाकायचाय. काळी पट्टी मारली तर चालेल?

पडद्यावर चालल्यासारखी दिसेल. वर सांगितलं तसं, पट्टीखालचा मजकूर फाइलमध्ये तसाच असतो. सिलेक्ट करून कॉपी केला की बाहेर. हे मोठमोठ्यांनाही कळत नाही: अमेरिकेत जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात असंच झालं. काळ्या पट्ट्यांखालचं पत्रकारांनी कॉपी करून वाचलं.

लिब्रेऑफिसमध्ये 'टूल्स' मेनूत 'रिडॅक्ट' आहे. त्यात पट्टी मारून एक्स्पोर्ट केलं की पानाचं चित्र होतं आणि खाली काही उरत नाही. आधारपुरतं तर एवढंही नको. आधारच्या वेबसाइटवरूनच 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

आधारच्या, बँकेच्या पीडीएफला पासवर्ड असतो. तो दर वेळी टाकायचा कंटाळा येतो.

ई-आधारचा पासवर्ड आठ अक्षरांचा: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मवर्ष. पासवर्ड टाकून क्रोममध्ये उघडा आणि पुन्हा 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करा. नव्या फाइलला पासवर्ड नसतो. ही फाइल सायबर कॅफेच्या डेस्कटॉपवर सोडून जाऊ नका. आमच्या मशीनवर रोज संध्याकाळी अशा डझनभर फाइली पुसतो.

दुसऱ्याच्या फाइलचा पासवर्ड तोडून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो.

सातबाऱ्यावर नाव चुकलंय. तेवढं दुरुस्त करून द्याल?

नाही. मामा असोत, साहेब असोत, नाही म्हणजे नाही.

महाभूमी या सरकारी वेबसाइटवरून १५ रुपये भरून जो सातबारा मिळतो, त्यावर डिजिटल सही असते. ती सही म्हणजे शाईचं चित्र नव्हे. अख्ख्या फाइलीतून गणितानं काढलेला एक ठसा त्यात बंद असतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाही, आणि रीडर लगेच सही अवैध दाखवतो. शिवाय कागदावरचा पडताळणी क्रमांक टाकून बँक मूळ उतारा वेबसाइटवर बघू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खोटा इलेक्ट्रॉनिक अभिलेख करणं हाही बनावटीकरणाचा गुन्हा आहे. नाव चुकलंय तर तलाठ्याकडं अर्ज द्या. वेळ लागेल, लागू दे.

मार्कलिस्ट, पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, यांनाही हेच उत्तर.

बरं, सातबारा उघडल्यावर सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं म्हणून पुष्कळ जण घाबरतात. त्याचा अर्थ तुमच्या रीडरला सही करणाऱ्याची ओळख पटलेली नाही, एवढाच. सहीवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सर्टिफिकेट विश्वासू यादीत टाकलं की हिरवी खूण येते. आणि अशी फाइल 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करून पुढं पाठवू नका. दिसते तशीच, पण सही गेलेली असते.

सर्किट बेंच सुरू झाल्यापासून वकिलांची कामं वाढली. दोनशे पानांना नंबर आणि बुकमार्क कसे घालू?

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं, आणि सहा जिल्ह्यांचे कागद आता इकडं येतात. आधी स्कॅन केलेल्या भागांचं नॅप्स२ नं ओसीआर करा, म्हणजे शब्द शोधता येतो. मग पीडीएफसॅमनं सगळे भाग क्रमानं जोडा. जोडताना प्रत्येक फाइलच्या नावाचा बुकमार्क करण्याचा पर्याय आहे, म्हणून फाइलींना आधीच नीट नावं द्या. शेवटी पीडीएफ२४ मधून पानांना नंबर घाला. सगळं बिगर पैशाचं. क्रम उलटा केलात, म्हणजे नंबर घालून मग एखादं पान राहिल्याचं आठवलं, तर सगळं पहिल्यापासून. आमच्या अनुभवात ते पान आठवतंच, म्हणून नंबर घालायच्या आधीची फाइल जपून ठेवा.

ऑनलाइन साइटवर टाकून केलं तर?

लग्नपत्रिका खुशाल टाका. नावाजलेल्या साइट काही तासांत फाइल पुसतो असं सांगतात. तरी पॅन, बँकेचे कागद, खरेदीखत, पेशंटचे रिपोर्ट यातलं काही परक्या सर्व्हरवर चढवू नये असं माझं मत आहे, आणि वर सांगितलेली सॉफ्टवेअरं असताना तशी गरजही पडत नाही.

मित्राकडं अ‍ॅक्रोबॅटचं क्रॅक आहे. फुकटच की.

आम्हीही एकदा घेतलं होतं. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करा असं लिहिलं होतं, केला. तिसऱ्या दिवशी सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैशाची मागणी. ऐन लग्नसराईतल्या चाळीसभर पत्रिका गेल्या. गिऱ्हाइकांना फोन करून मजकूर पुन्हा मागताना काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मॅक किंवा लिनक्स असेल तर?

मॅकमध्ये प्रीव्ह्यू आधीच असतं. पानं जोडणं, सही, खुणा सगळं त्यात होतं. लिनक्सवर ऑक्युलर आणि झोर्नल प्लस प्लस. लिब्रेऑफिस दोन्हीकडं चालतं.

पुढच्या वेळी मूळ फाइल हरवू नये म्हणून काही सोय?

आहे, आणि फार कमी जणांना माहीत आहे. लिब्रेऑफिसमधून 'एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ' करताना 'हायब्रिड पीडीएफ' अशी एक चौकट असते. तिच्यावर टिक केली की पीडीएफच्या पोटात मूळ फाइलही जाते. समोरच्याला साधी पीडीएफ दिसते. तुम्ही लिब्रेऑफिसमध्ये उघडली की मूळ मजकूर जसाच्या तसा हातात, फाँट, जोडाक्षरं, परिच्छेद सगळं जागच्या जागी. रव्याच्या आत काहिलीतला रसही गुंडाळून दिल्यासारखं. फक्त खोडलेला, लपवलेला मजकूर त्या मूळ फाइलीत राहिला असेल तर तोही सोबत जातो. म्हणून दर ठरवायच्या आधीचे आकडे ज्यात आहेत असं कोटेशन गिऱ्हाइकाला या प्रकारात पाठवू नका. आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, बाहेर साधी पाठवा.